सुकटीच्या वाटेने ससून डॉकपर्यंत

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीची भिंत उभी आहे, तिच्यात 1646 मीटर उंचीचं कळसूबाई आहे, आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली डोकावलं की कोकण दिसतं. समुद्र त्याच्याही कितीतरी पुढे. तरीही नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही आठवडे बाजारात जा. भाजीच्या रांगा संपल्या, की एका कडेला पोती पसरलेली असतात आणि ती डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतात. सुकट, बोंबील, वाकट्या, आणि पैसेवाल्या गिऱ्हाइकासाठी थोडे सोडे. पावसाळ्यात भाज्या कडाडल्या की या पोत्यांभोवती गर्दी वाढते. सुकट तव्यावर कोरडी भाजायची, चोळून तिचे पाय-मिशा पाखडून टाकायच्या, मग कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि वर बाजरीची गरम भाकरी. ज्यानं आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही, त्याच्याही ताटात तो असा पिढ्यान् पिढ्या येत राहिला आहे.

ही वाट जुनी आहे. आजचा कल्याण-नगर महामार्ग माळशेज घाटातून आळेफाट्यावर येतो आणि तिथून टाकळी ढोकेश्वर, भाळवणी करत नगरला पोचतो. त्याच्याही आधी, सातवाहनांच्या काळात, सोपारा-कल्याणच्या बंदरांतून निघालेला माल नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे प्रतिष्ठानला, म्हणजे आपल्या शेजारच्या पैठणला जायचा. नाणेघाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवतात. किनारा आणि देश यांच्यातल्या या येण्याजाण्याबद्दल आपण इतिहासाच्या पुस्तकांत वाचतो ते मसाल्यांचं, कापडाचं, घोड्यांचं. मासळीचं कुणी लिहीत नाही. म्हणून या लेखासाठी मी सुकटीच्या वाटेनं उलटं जायचं ठरवलं, बाजारातल्या पोत्याकडून बंदराकडे.

वाटेत पहिला मुक्काम वाळवणाचा. वसई-अर्नाळ्यापासून मढ-वर्सोव्यापर्यंत किनाऱ्यावर बांबूच्या उंच चौकटी उभ्या असतात, त्यांना वलांडी म्हणतात. ताज्या बोंबलाच्या अंगात जवळपास नव्वद टक्के पाणीच असतं. हातात धरला तर तो निसटतो, म्हणून त्याला दोरीवर नुसता टाकून चालत नाही. बाई दोन बोंबील उचलते, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवते आणि ती जोडी दोरीवर टाकते, एक अलीकडे आणि एक पलीकडे. गाठ नाही, खिळा नाही, माशाचे स्वतःचेच दात त्याला धरून ठेवतात. हे काम इतक्या वेगानं चालतं की पाहणाऱ्याला जबडा कधी उघडला ते कळत नाही. ऊन आणि खारा वारा नीट मिळाला तर दोन-तीन दिवसांत तो पांढरा, कडक, हलका होतो आणि घाटावर यायला तयार होतो. अवकाळी पावसाची एक सर आली, की अख्ख्या वलांडीवरचा माल खतात जातो. कांद्याच्या चाळीत पाणी शिरल्यावर नगरच्या शेतकऱ्याचं जे होतं, तेच त्या रात्री तिथल्या बाईचं होतं.

आणि या सगळ्याचा मोठा बाजार, मोठी उतरण, जुनं ठाणं म्हणजे कुलाब्याचा ससून डॉक.

नगरकरांना ससून हे नाव माहीत आहे ते पुण्याच्या रुग्णालयामुळे. इकडच्या गावात माणूस फार आजारी झाला की ‘ससूनला हलवला’ असं म्हणतात. ते ससून म्हणजे डेव्हिड ससून. बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी. 1864 मध्ये पुण्यात वारले, आणि पुण्याच्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात त्यांचं थडगं आहे. त्यांचा मुलगा अब्दुल्ला, जो पुढे सर आल्बर्ट ससून झाला, त्यानं कुलाब्याला ही गोदी बांधली. 1875 साली ती सुरू झाली. मुंबईचा ‘काळा घोडा’, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा, तोही याच आल्बर्टनं दिलेला. पुतळा आता राणीच्या बागेत आहे. गोदी मात्र जिथल्या तिथे आहे.

ती बांधली गेली कापसासाठी, मासळीसाठी नव्हे. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावानं मुंबईतून जाऊ लागला. युद्ध संपलं, भाव कोसळले, कित्येक पेढ्या बुडाल्या. पण 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मुंबई युरोपला एकदम जवळ आली. तोवर मुंबईत मोठं जहाज काठाला लागतच नसे. ते खोल पाण्यात नांगर टाकून उभं राहायचं आणि माल मचव्यांतून ने-आण व्हायचा. ससून डॉक ही पश्चिम भारतातली पहिली अशी गोदी, की जिच्यात दारं लावून पाणी धरून ठेवता येत होतं. बाहेर ओहोटी असली तरी आत जहाज तरंगत राहायचं. पोर्ट ट्रस्ट 1873 मध्ये स्थापन झाला होता, आणि बंदराचा कारभार पाहणाऱ्यांना खासगी मालकाची गोदी शेजारी नको होती. 1879 मध्ये सरकारनं ती विकत घेतली. पाठोपाठ 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक, 1888 मध्ये व्हिक्टोरिया डॉक, 1914 मध्ये अलेक्झांड्रा डॉक. जहाजं मोठी होत गेली, मोठ्या गोद्यांकडे वळली, आणि ही लहानशी दगडी गोदी पुढे मासेमारांची झाली. गोदी सुरू झाली त्याच दशकात, 1878 मध्ये, दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि नगर शहर लोहमार्गानं मुंबईला जोडलं गेलं. एकाच दशकात गोदी तिकडे आणि रूळ इकडे.

2025 मध्ये ससून डॉकला दीडशे वर्षं पूर्ण झाली. एवढ्या जुन्या वास्तू मुंबईत बऱ्याच आहेत, पण बहुतेकांचं आज कार्यालय झालं आहे किंवा पर्यटनस्थळ. ही अजून घामाची जागा आहे. पहाट व्हायच्या आत बोटी लागतात. बर्फाच्या लाद्या फोडण्याचा आवाज, डिझेलचा धूर, खाली सतत ओली फरसबंदी, आणि तिच्यावरून पाट्या डोक्यावर घेऊन धावणारी माणसं. कुणी बाजूला होण्याची वाट पाहत नाही, ओरडत पुढे जातात; तुम्हीच सरकायचं. लिलाव झटपट उरकतात. उजाडेपर्यंत कोळणी आपापला माल घेऊन लोकलच्या लगेजच्या डब्याकडे निघालेल्या असतात. 1 जून ते 31 जुलै ही बंदीची मुदत सोडली, तर हे रोज चालतं. बंदीच्या त्या दोन महिन्यांत बोटी काठाला एकीला एक लागून उभ्या राहतात, जाळी दुरुस्त होतात, आणि मग नारळी पौर्णिमेचे वेध लागतात.

माझी नजर सगळ्यात जास्त खिळली ती कोलंबी सोलणाऱ्या बायकांवर. शेडमध्ये समोर बर्फात मिसळलेला कोलंबीचा ढीग. बाई बसते ती एखाद्या पाटावर किंवा उपड्या क्रेटवर, गुडघे वर, पदर खोचलेला. डाव्या हातानं कोलंबी उचलायची, उजव्या अंगठ्यानं डोकं मोडायचं, त्याच झटक्यात कवच ओढायचं, शेपटीला चिमटा, गर भांड्यात. पुढची. बर्फानं बोटं बधिर होतात आणि कोलंबीच्या काट्यांनी ती चिरतात, दोन्ही एकदमच. मजुरी वजनावर, म्हणजे हात जितका चालेल तितकी. इथे कोळणी आहेत, बंजारा बायका आहेत, घाटावरून पोटासाठी उतरलेल्याही आहेत. सोललेल्या मालाचा बराच भाग परदेशी जातो. तिथल्या ताटात त्या बाईच्या बोटांचा मागमूस नसतो, आणि आपल्या कागदपत्रांतही नसतो. मासेमारीच्या इतिहासात बोटीचं नाव नोंदलं जातं, मालकाचं नोंदलं जातं, सोलणारीचं नाही.

अशाच बायकांसाठी जगाच्या दुसऱ्या टोकाला एक आख्खं संग्रहालय उभं आहे. आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावर सिग्लुफ्योर्दुर नावाचं लहानसं गाव आहे. 1903 मध्ये नॉर्वेचे मच्छीमार तिथे हेरिंग मासा धरायला आले आणि बघता बघता ते गाव हेरिंगची राजधानी झालं. धक्क्यावर धक्के, खारवण्याची ठाणी, तेल काढण्याचे कारखाने. मासे आले की मुली रात्र-दिवस उभ्या राहून ते कापायच्या आणि मिठाच्या थरांत पिंपात रचायच्या. एक पिंप भरलं की मुकादम येऊन तिच्या बुटात एक बिल्ला टाकायचा. दिवस संपला की बूट उलटा करून बिल्ले मोजायचे, तेवढी मजुरी. ससून डॉकवरच्या वजनकाट्याचीच ही थंड प्रदेशातली बहीण.

1960 चं दशक संपता संपता हेरिंग अचानक नाहीसा झाला. अतोनात मासेमारी झाली होती, समुद्राचं पाणीही थंडावलं होतं. गाव ओस पडलं. धक्के कुजले, शेडची छपरं उडाली. मग गावातल्याच लोकांनी 1907 साली नॉर्वेवाल्यांनी बांधलेलं एक लाकडी ठाणं, रोआल्ड्सब्राक्की, हाती घेतलं आणि स्वतःच्या हातांनी ते दुरुस्त केलं. 1994 मध्ये तिथे हेरिंग संग्रहालय सुरू झालं आणि 2004 मध्ये त्याला युरोपातल्या औद्योगिक संग्रहालयांसाठीचा मिकेलेत्ती पुरस्कार मिळाला. खालच्या मजल्यावर पिंपं, मीठ, सुऱ्या; वरच्या मजल्यावर मुलींच्या खोल्या, त्यांच्या खाटा, कपडे. उन्हाळ्यात धक्क्यावर खारवणीचं प्रात्यक्षिक होतं आणि कुणीतरी अकॉर्डियन वाजवतं.

सिसिलीजवळच्या फाविन्याना बेटावर असंच एक टूना माशाचं ठाणं आहे. फ्लोरिओ घराण्यानं 1874 मध्ये ती बेटं विकत घेतली. म्हणजे ससूननं कुलाब्याला गोदी बांधली त्याच काळात. तेलात भरलेला टूना डब्यात बंद करून जगभर विकायचा तो कारखाना पुढे 1970 च्या दशकात बंद पडला. सिसिलीच्या प्रादेशिक सरकारनं तो घेतला, दुरुस्त केला, संग्रहालय केलं.

या दोन्ही जागांची वर्णनं आणि छायाचित्रं पाहताना मन भरून येतं, पण एक गोष्ट खटकते. दोन्हीकडे आधी मासा गेला, मग काम गेलं, मग माणसं गेली, आणि मगच संग्रहालय आलं. आठवणी सांगायला म्हातारी माणसं उरली होती म्हणून निभावलं. आणखी वीस वर्षं गेली असती तर बुटातल्या बिल्ल्याची गोष्ट सांगणारंही कुणी भेटलं नसतं.

महाराष्ट्राचं भाग्य असं, की इथे काम अजून चालू आहे. शाळेच्या पुस्तकात आपण ज्या किनाऱ्याची लांबी 720 किलोमीटर म्हणून पाठ केली, त्यावर आजही बोटी जातात आणि येतात. पण त्या किनाऱ्यावरच्या मासेमाराचं घर आपण कुठे बांधलं? रत्नागिरीला झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रात मत्स्यालय आहे, संग्रहालय आहे, देवमाशाचा सांगाडा आहे. मुंबईत 1951 मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडलं होतं. काचेपलीकडचे रंगीत मासे पाहायला आम्हा घाटावरच्या पोरांच्या सहली जायच्या. सध्या ते बंद आहे. हे सगळं माशांचं झालं. मासा धरणाऱ्याचं, वाळवणाऱ्याचं, सोलणाऱ्याचं, विकणाऱ्याचं काय?

सांगण्यासारखं किती आहे! डोल जाळंच घ्या. भरसमुद्रात खोल खुंट ठोकायचे आणि त्यांना पिशवीसारखं लांब जाळं बांधायचं. जाळं हलत नाही, पाणी हलतं. भरती-ओहोटीची ओढ माशाला जाळ्याच्या तोंडातून आत घेते आणि पाणी फिरायच्या आत जाळं उचलावं लागतं. उधाणाला पाणी किती ओढेल, भांगाला किती सुस्त राहील, हे तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, अंगात भिनलेलं असतं. समुद्रात जिथे खुंट रोवायचे त्या जागेला ‘कव’ म्हणतात, आणि कुठली कव कुणाची यावरून वसई, सातपाटी, डहाणू या गावांत वर्षानुवर्षं वाद चालत आले आहेत. शेताच्या बांधावरून भांडणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच समजेल. वर कुंपण नाही, खाली दगड नाही, सगळीकडे सारखंच पाणी, आणि तरी कुणाची हद्द कुठे हे त्या माणसांना पाठ आहे. हे ज्ञान कुठल्याही नकाशावर नाही. सुताची आणि तागाची जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून टिकाऊ करायची रीत नायलॉन आल्यावर गेली. शिडाच्या होड्या गेल्या, इंजिनं आली. 1950 च्या दशकात केरळच्या किनाऱ्यावर भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला आणि यांत्रिक मासेमारीचं वारं पश्चिम किनाऱ्यावर पसरलं. म्हणजे सिग्लुफ्योर्दुर भरभराटीला आणणाऱ्या नॉर्वेचा हात आपल्याही किनाऱ्याला लागला आहे. आता पर्ससीन जाळी, एलईडी दिवे, कमी होत चाललेली मासळी, डिझेलचा दर. ज्या पापलेटला 2023 मध्ये राज्य मासा म्हणून मान दिला, ते पापलेट आता सातपाटीच्या मच्छीमारालाही जपून मोजावं लागतं. हे सारं एका छताखाली सांगायला ससून डॉकहून योग्य जागा नाही.

अशा जागेची चुणूक याआधी दोनदा मिळाली आहे. 2017 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये स्टार्ट इंडिया या संस्थेनं ससून डॉकच्या जुन्या गोदामात कलाप्रदर्शन भरवलं. गोदीत काम करणाऱ्या माणसांचे चेहरे प्रचंड आकारात भिंतींवर चिकटवले गेले. ज्या मुंबईकरांनी आयुष्यात कधी या फाटकातून आत पाऊल टाकलं नव्हतं, ते रांगा लावून आले. 2022 च्या डिसेंबरपासून मुंबई अर्बन आर्ट फेस्टिव्हलच्या निमित्तानं पुन्हा तेच झालं. प्रदर्शनं संपली, कागद पावसात गळून पडले. पण वास आहे म्हणून लोक येणार नाहीत, हा समज मात्र दोन्ही वेळा खोटा ठरला.

इथे मला एक धोका स्पष्ट बोलायचा आहे. आपल्याकडे जुन्या जागेचं ‘सुशोभीकरण’ म्हणजे तिथल्या माणसांची हकालपट्टी, असा अनुभव आहे. गोदीतल्या गोदामांच्या ताब्यावरून आणि भाड्यावरून तिथले व्यावसायिक आणि प्रशासन यांच्यात आधीच ताण आहे. उद्या कुणी कुलाब्याच्या जमिनीचा भाव पाहून म्हणेल, बोटी दुसरीकडे हलवा, इथे छानसं संग्रहालय आणि कॅफे करू. तसं संग्रहालय नको. त्यापेक्षा वास बरा. मला हवं आहे ते चालत्या गोदीतलं एक गोदाम. बाहेर लिलाव चालू, आत त्याची गोष्ट. आणि ती गोष्ट सांगायला पगारावर नेमलेले निवृत्त तांडेल, कोळणी आणि कोलंबी सोलून ज्यांची बोटं वाकली त्या बायका. त्यांच्याइतका जाणकार मार्गदर्शक कुठल्या विद्यापीठातून मिळायचा नाही.

हे जमण्यासारखं आहे, हे मी नगरचा म्हणून सांगतो. ज्या शहरात 1960 साली ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय उभं राहिलं आणि मोडी कागदांची बाडं रद्दीत जाण्यापासून वाचली, त्या शहराला वेळेवर गोळा करण्याची किंमत ठाऊक आहे. 1994 मध्ये लष्करानं इथे रणगाड्यांचं संग्रहालय सुरू केलं. रोल्स रॉइसच्या जुन्या चिलखती गाडीपासून युद्धात काबीज केलेल्या पॅटनपर्यंत सारं उघड्यावर मांडलेलं आहे, आणि देशभरातून माणसं ते पाहायला वाट वाकडी करून येतात. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स या एका माणसानं लोकांनी टाकून दिलेली शेतीची आणि कारागिरीची अवजारं जमवून ‘गोवा चित्र’ उभं केलं, तेही पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या वापरून. एक माणूस एवढं करू शकतो, तर राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाला आणि मुंबई बंदर प्राधिकरणाला एक गोदाम जड जाऊ नये.

त्या गोदामात एक कोपरा घाटावरचाही असावा, असा माझा आग्रह आहे. नगर, बीड, सोलापूरच्या बाजारांत बसणारा सुकटवाला हाही या बंदराचाच माणूस. शिवाय जिल्ह्यात आता स्वतःचं पाणीही आहे. जायकवाडी धरणाचं भूमिपूजन 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं, धरण 1976 मध्ये राष्ट्राला अर्पण झालं, आणि शेवगाव-नेवाशाची किती तरी शिवारं नाथसागरात, म्हणजे या धरणाच्या जलाशयात, गेली. जिथे ज्वारी होती तिथे आज भोई समाजाची माणसं चप्पूवर बसून जाळी टाकतात आणि रोहू, कटला, वाम काढतात. चप्पू म्हणजे थर्माकोलचा सपाट तराफा; एक माणूस, एक वल्हं आणि वाऱ्याच्या लाटा. समुद्रातल्या तांडेलाला तो दाखवला तर तो कपाळावर हात मारेल. बुडालेल्या गावांतले जुने रस्ते, विहिरी, देवळांचे कळस पाण्याखाली कुठे आहेत हे या भोयांना ठाऊक असतं, कारण जाळी तिथेच अडकतात. हेही कुणी लिहून ठेवलेलं नाही.

इमारत होईल तेव्हा होईल. तिला मंजुऱ्या लागतील, निधी लागेल, वर्षं लागतील. आवाज नोंदवायला यातलं काहीच लागत नाही. कोकणात आणि मुंबईत महाविद्यालयं आहेत, मराठीचे आणि इतिहासाचे विभाग आहेत, प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. कुठली कव कुठे, जाळ्यांची नावं, वाऱ्यांची नावं, सोलणीच्या शेडमधली गाणी आणि मजुरीचे हिशेब, हे सगळं सांगू शकणारी माणसं आज साठीच्या, सत्तरीच्या पुढे आहेत. नगरच्या, शेवगावच्या, नेवाशाच्या शिक्षकांनी नाथसागराच्या काठी हेच करावं. आणि वाचकहो, तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर जुनी पाग, मासळी मोजायचं जुनं माप, वाळवणाची टोपली, बाजाराच्या हिशेबाची वही पडली असेल, तर येत्या दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यावर गावाचं, माणसाचं आणि सालाचं नाव लिहून ती जवळच्या संग्रहालयात पोचती करा.